रबरी ठसे
रबरी ठसे : शाई लावून कागदावर अक्षरे वा आकृती उमटविण्याची साधने. गंधकासह तापविलेले रबर टिकाऊ व लवचिक होते, हे चार्ल्स गुडइयर (१८००–६०) या अमेरिकन संशोधकास १८३९ मध्ये आढळले व १८४४ मध्ये त्यास या प्रक्रियेचे एकस्व मिळाले. तीमुळे १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेत रबरी ठसे तयार होऊ लागले. आरंभी त्यांचा वापर मुख्यतः कचेऱ्यांत होई. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने १९१९ मध्ये ते चित्रांत योजिले. पुढे शुभेच्छापत्रे व चिकटवह्या सजविण्याच्या छंदातही त्यांना स्थान मिळाले.

लाकडी मुठीचे रबरी ठसे दीर्घकाळ टिकतात. पारदर्शक बहुलकाचे ठसे ॲक्रिलिक ठोकळ्यावर बसवितात. त्यामुळे ठसा उमटण्याची जागा आधीच दिसते. आकृतीचे आयुष्य मात्र शाई व कागद यांवर अवलंबून असते. रंजकयुक्त शाई कागदात मुरून लवकर वाळते, पण प्रकाशाने फिकी पडते. रंगद्रव्ययुक्त शाई सावकाश वाळते व अधिक टिकते. ती ओली असतानाच तीवर उठावाचे चूर्ण टाकून तापविल्यास उठावदार आकृती मिळते. अल्पकाळ जपावयाच्या शुभेच्छापत्रास पहिली शाई पुरेशी असते. चिकटवहीसाठी दुसरी शाई व अम्लमुक्त, लिग्निनविरहित कागद निवडणे इष्ट ठरते. कारण अम्लयुक्त कागद पिवळा व ठिसूळ होऊन शेजारच्या छायाचित्रासही अपाय करतो. ठसा पुनःपुन्हा उमटविता येतो. नष्ट झालेले एकमेव छायाचित्र परत मिळत नाही.