चिकाचे देणे

महाभारताच्या शेवटी धर्मराजाच्या मागून हिमालय चढणारे कुत्रे सर्वांच्या लक्षात असते. आरंभी रडणारे पिल्लू मात्र फारसे कुणाला आठवत नाही. आदिपर्वातल्या पौष्य उपपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या सारमेयाला मारतात. ते पिल्लू रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, जाते. हविर्द्रव्याला तोंड लावलेस का, अशी चौकशी आधी ती त्याच्याकडे करते, आणि त्याचा अपराध नाही अशी खात्री पटल्यावर थेट यज्ञस्थानी जाऊन राजाला जाब विचारते. उत्तर मिळत नाही, तेव्हा शाप देते. पिल्लाच्या वतीने उभी राहणारी त्याची आई हे आपल्या वाङ्मयातले बहुधा पहिलेच चित्र असावे. आईचे हे उभे राहणे पिल्लाच्या रक्तातही चालू असते, आणि ते ठरावीक दिवशी संपते, ही गोष्ट मात्र माणसाला फार उशिरा कळली. प्रस्तुत लेख त्या कळण्याच्या इतिहासाविषयी आहे.

या इतिहासाचे फलित आज एका लहानशा पुस्तिकेत मावते. घरी नवे पिल्लू आणणाऱ्याच्या हाती पशुवैद्य ती पुस्तिका ठेवतात. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस, पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तीच लस, आणि हा क्रम सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. तेच इंजेक्शन पुन्हापुन्हा कशासाठी, असा प्रश्न बहुतेकांना पडतो. काहींना त्यात दवाखान्याचा धंदा दिसतो. काहींचा समज असा, की एका लशीचे तीन तुकडे केले आहेत आणि दोन पोटात गेले म्हणजे दोन-तृतीयांश संरक्षण झाले. दोन्ही समजुतींचा परिणाम एकच होतो, तिसरी खेप चुकते. आणि अनेक पिल्लांच्या बाबतीत नेमकी तीच खेप कामाची असते.

कुत्र्यांचा जुना काळ म्हणजे डिस्टेंपर. देवीच्या लशीमुळे आपल्याला परिचित असलेल्या एडवर्ड जेन्नरने १८०९ साली या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. नाकाडोळ्यांतून वाहणारा स्राव, खोकला, झपाट्याने येणारी क्षीणता, शेवटी झटके, हे सारे त्यात आहे. आणि हा रोग पिसाळण्याहून वेगळा आहे हे त्याने निक्षून सांगितले. झटके येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला पिसाळलेले समजून ठार करण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या भेदाचे मोल कळते. रोगाचे मूळ कोठले, याविषयी आजही अभ्यास चालू आहे. माणसांच्या गोवराचा विषाणू दक्षिण अमेरिकेत कुत्र्यांत शिरून त्यातून हा उपजला असावा, असे मत २०१९ मध्ये काही संशोधकांनी मांडले. दोन्ही विषाणू जवळचे नातलग आहेत, एवढे तर निश्चित. या नात्याचा उपयोग पुढे झाला, तो यथावकाश येईल.

१९०५ मध्ये फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे याने आजारी कुत्र्याच्या नाकातील स्राव जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि त्या गाळलेल्या द्रवानेही रोग होतो असे दाखवले. याचा अर्थ कारण विषाणू होते. पण इतरांनी श्वासनलिकेत सापडणारा एक जीवाणू दोषी ठरवला, आणि पुढची वीस वर्षे कारेचे म्हणणे अनेकांनी मानलेच नाही. वाद मिटवायला पुढे आले ते इंग्लंडमधले शिकारी. ‘द फील्ड’ या शिकार आणि ग्रामजीवनाला वाहिलेल्या नियतकालिकाने १९२३ मध्ये डिस्टेंपरच्या संशोधनासाठी निधी उभारला. कोल्ह्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांचे कळपच्या कळप या रोगाने ओस पडत होते. गंमत अशी, की त्याच सुमारास कुत्र्यांवरील प्रयोगांना कायद्याने बंदी घालण्याची विधेयकेही ब्रिटिश संसदेत येत होती. एका पक्षाला कुत्र्यावर प्रेम म्हणून प्रयोग नको होते, दुसऱ्याला कुत्र्यावर प्रेम म्हणूनच हवे होते. इतिहासाने दुसऱ्या पक्षाच्या पदरात यश घातले. म्हणून पहिल्याचा आक्षेप खोटा ठरत नाही. आजच्या प्रत्येक लशीच्या मुळाशी पिंजऱ्यात मेलेली कुत्री आहेत.

लंडनजवळच्या मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ आणि पशुवैद्य जॉर्ज डंकिन यांनी काम आरंभले. पहिली अडचण विलक्षण होती: प्रयोगासाठी रोगाला कधीच न शिवलेले कुत्रे मिळेना. बाजारातला प्रत्येक मोठा कुत्रा म्हणजे लहानपणी रोगातून वाचलेला, म्हणून आधीच सुरक्षित. शेवटी त्यांनी कुंपणाआड स्वतःच कुत्र्यांची पैदास केली. आत जाणाऱ्याने अंघोळ करून कपडे बदलायचे, असा दंडक होता. आपल्या जुन्या घरांतल्या सोवळ्याची आठवण व्हावी असा हा प्रकार, पण येथे त्याला प्रमाण होते. दुसरी मदत झाली ती फेरेट या मुंगसासारख्या लहान प्राण्याची. तो पाळणाऱ्या लोकांना ठाऊक होते की डिस्टेंपर त्यालाही होतो. १९२६ पर्यंत कारे बरोबर होता हे सिद्ध झाले आणि १९२८च्या सुमारास लस तयार झाली. या कुत्र्यांच्या संशोधनाला माणसांसाठीही एक फळ आले. फेरेट हाताशी होता म्हणूनच १९३३ मध्ये लेडलॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांना माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम वेगळा करता आला.

लस आली, तरी पिल्ले मरतच राहिली. पुढे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू वापरणाऱ्या, अंड्यात आणि मग पेशींच्या संवर्धनात वाढवलेल्या सुधारित लशी आल्या, तरीही टोचून घेतलेल्या पिल्लांपैकी काही आजारी पडत. येथे आपल्याला चिकाकडे वळले पाहिजे.

गायीम्हशी पाळणाऱ्याला चीक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. व्यालेल्या गायीचे पहिले दाट दूध वासराच्या पोटात आधी गेले पाहिजे, खरवस नंतर, हा नियम शेतकऱ्याच्या घरात कुणी पुस्तकातून शिकत नाही. मानवी बाळाला आईची प्रतिपिंडे मुख्यतः गर्भातच, वारेतून मिळतात. कुत्रीच्या वारेतून फारच थोडी जातात. पिल्लाचा जवळजवळ सगळा वाटा पहिल्या चिकातून येतो, आणि पिल्लाचे आतडे ती प्रतिपिंडे शोषून घेते तेही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसापुरतेच. जे पिल्लू दुबळे म्हणून त्या दिवशी सडापर्यंत पोहोचले नाही, त्याचा हा वारसा कायमचा बुडतो.

आता या वारशाची दुसरी बाजू. आईची प्रतिपिंडे रोगाच्या विषाणूला मारतात, तशीच लशीतल्या विषाणूलाही मारतात. त्यांना दोहोंतला फरक कळत नाही. लस टोचली जाते आणि पिल्लाच्या शरीराला तिची वार्ताही लागत नाही. ही प्रतिपिंडे आठ-दहा दिवसांत निम्मी होत जातात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स बेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये एक आलेख प्रसिद्ध केला. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजली, की पिल्लाला कोणत्या वयात लस लागू पडेल हे त्यावरून सांगता येत असे. एका आईची पिल्ले सहाव्या आठवड्यात तयार असत, दुसरीची बाराव्यात किंवा त्याहूनही पुढे. आलेख देखणा होता, पण प्रत्येक कुत्रीचे रक्त कोण तपासणार? म्हणून व्यवहाराने सोपी वाट काढली, ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा टोचत राहावे, त्यातली एक खेप तरी योग्य वेळी पडेल. पुस्तिकेतल्या त्या तीन-चार रकान्यांचा अर्थ एवढाच आहे. त्या एकाच प्रयत्नाच्या पुनरावृत्ती आहेत, आणि कितवी सफल होईल ते आधी कळत नाही.

याच पेचावर आणखी एक तोड निघाली होती. आईची डिस्टेंपरविरोधी प्रतिपिंडे गोवराच्या लशीला तितकीशी अडवीत नाहीत, आणि गोवराची लस पिल्लाला डिस्टेंपरपासून काही काळ वाचवते. म्हणून काही वर्षे कोवळ्या पिल्लांना चक्क गोवराची लस टोचली जाई. आपल्याकडे बाळाला गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, तिच्यामागेही आईकडून आलेल्या प्रतिपिंडांचाच हिशोब आहे.

हा सगळा हिशोब १९७८ मध्ये कसोटीला लागला. त्या वर्षी एक नवाच रोग अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया असा सर्वत्र जवळजवळ एकदमच उगवला. उलट्या, रक्ताचे दुर्गंधीयुक्त जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. मांजरांतल्या एका जुन्या विषाणूच्या गोत्रातल्या विषाणूत मोजकेच बदल झाले होते आणि त्याला कुत्र्याच्या पेशीत शिरण्याची वाट सापडली होती. हाच पार्वो. आज तो पिल्लांचा रोग मानला जातो. पण त्या वर्षी त्याने लहानमोठे पाहिले नाही, कारण जगातल्या एकाही कुत्र्याला त्याची ओळख नव्हती.

त्या साथीतली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तेव्हा अनेक ठिकाणी तीन ते आठ आठवड्यांची, अंगाने गुबगुबीत पिल्ले दूध पिता पिता किंवा खेळता खेळता कोसळून मरत. विषाणूने त्यांच्या हृदयाचे स्नायू पोखरलेले असत. पुढच्या काही वर्षांत पार्वोचे हे रूप जवळजवळ नाहीसे झाले. विषाणूने दया दाखवली असे नव्हे. तोवर साथीतून वाचलेल्या आणि लस घेतलेल्या कुत्र्या आई झाल्या होत्या, आणि ज्या पहिल्या आठवड्यांत हृदय वाढत असते, त्या आठवड्यांवर त्यांच्या चिकाचे पांघरूण पडले होते.

कॉर्नेलमध्येच लेलँड कारमायकेल आणि सहकाऱ्यांनी पार्वोची लस घडवली. ती येईपर्यंत मांजरांची लस कुत्र्यांना टोचून वेळ निभावली गेली होती. मग पोलॉक आणि कारमायकेल यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले, की आईची प्रतिपिंडे रोग रोखण्याइतकी उरलेली नाहीत, पण लस हाणून पाडण्याइतकी अजून आहेत, असा एक काळ प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात येतो. या दिवसांत पिल्लाला आईचे संरक्षण नसते आणि लशीचेही नसते. नंतरच्या लशींनी ही फट अरुंद केली, बुजवली नाही.

भारतात १९८०च्या दशकाच्या आरंभी मद्रासहून पार्वोच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, आणि आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी तो नावाने ओळखला जातो. आपल्या काही सवयी त्याला सोयीच्या आहेत. पिल्लू दगावले की आपण फरशी फिनेलने पुसतो आणि घर शुद्ध झाले असे समजतो. पार्वोच्या विषाणूला फिनेलने काही होत नाही. तो मातीत, कोपऱ्यांत, चपलांच्या तळाशी महिनोन्महिने टिकतो. त्याला ब्लीचच लागते, तेही घाण आधी धुऊन काढून मग, आणि दहा मिनिटे तरी ओले राहील असे. त्याच घरात महिन्याभराने ‘त्याच्यासारखेच’ दुसरे पिल्लू आणले जाते आणि तेही जाते, मग दोष वास्तूकडे लागतो.

त्याहून गंभीर आहे पिल्लांच्या विक्रीचे वय. केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्याभराची पिल्ले सर्रास हातोहात जातात, कारण या वयात ती कापसाच्या गोळ्यासारखी दिसतात आणि पैदास करणाऱ्याचा खुराकाचा खर्च वाचतो. सोबत ‘पहिला डोस झालेला आहे’ असे आश्वासन असते. डोस खरोखर दिला असला तरी चौथ्या-पाचव्या आठवड्यातला तो डोस बहुधा आईच्या प्रतिपिंडांनी गिळलेला असतो. शिवाय आईपासून तुटणे, प्रवासाचा ताण, अचानक बदललेला आहार, गायीच्या दुधाने लागलेली हगवण, हे सारे त्याच आठवड्यात. जंतांचेही तसेच आहे. टॉक्सोकारा नावाच्या गोल जंताच्या अळ्या आईच्या शरीरात दबून असतात आणि गर्भातूनच पिल्लात उतरतात. म्हणून जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात. आई चिकातून जे देते ते आणि गर्भातून जे देते ते, दोन्ही पिल्लाला घ्यावेच लागते. हे जंत घरातल्या लहान मुलांच्या डोळ्यापर्यंत पोहोचू शकतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. आणि ‘एवढ्याशा पिल्लाला कुठला रेबीज’ ही समजूत तर निखालस चुकीची. अनोळखी पिल्लाचा दात लागला, तरी जखम साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे.

मग सोळा आठवडे पिल्लाला कोंडून ठेवावे काय? येथे इतिहासाची दुसरी धार आडवी येते. अमेरिकेतील बार हार्बर येथे फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी काही पिल्ले माणसाच्या सहवासाविना वाढवली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस न भेटलेली पिल्ले पुढे रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. ज्या आठवड्यांत शरीर सर्वांत उघडे असते, त्याच आठवड्यांत मन जगाची ओळख करून घेते. डॉक्टरांच्या भीतीने पाच महिने खोलीत वाढवलेला कुत्रा पार्वोने मरत नाही. तो चावरा निघतो, आणि चावरा म्हणून कुठेतरी सोडून दिला जातो. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये म्हणूनच भूमिका घेतली, की पहिल्या लशीनंतर आठवडाभराने पिल्लाला जग दाखवायला लागावे. आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ बेताने लावायला हवा. कडेवर घेऊन फिरवावे, घरी माणसे यावीत, लसीकरण झालेले शेजारचे शांत कुत्रे भेटावे. बागेतली माती आणि गल्लीतला उकिरडा तेवढा थांबू शकतो.

जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक बदल दिसतो. सोळा आठवड्यांनंतरची पुढची खेप पूर्वी साधारण वर्षाने देत. आता ती सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास द्यावी असे त्या म्हणतात. काही मोजक्या पिल्लांत आईची प्रतिपिंडे सोळाव्या आठवड्यानंतरही रेंगाळतात, आणि त्यांना वर्षभर उघड्यावर सोडणे योग्य नाही, हे त्यामागचे कारण.