निळ्या कागदापासून पडद्यापर्यंत : घराच्या नकाशाचा प्रवास

१/ वाशिमसारख्या शहरात घर बांधायचे तर कुदळ मारण्याआधी नकाशा मंजूर व्हावा लागतो. कागदावरची ही तपासणी संगणकावर आली, तेव्हा घरमालकाच्या पदरात काय पडले? त्याचा हा धागा.

२/ आरंभ १८४२ मध्ये. जॉन हर्शेल यांनी सायनोटाइपची कृती शोधली. लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर आरेखन ठेवून ऊन दाखवले की निळ्या पृष्ठभागावर पांढऱ्या रेषा उमटत. हीच ‘ब्ल्यूप्रिंट’. पुढे अमोनियाच्या प्रती आल्या, कागद पांढरा झाला. नाव मात्र निळेच राहिले.

३/ या प्रतींवर रंगांची एक भाषा रूढ झाली. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे ते पिवळ्या रेघांचे, भूखंडाची सीमा जाड काळी. तपासनीस पट्टी लावून सामासिक अंतरे मोजी आणि चटई क्षेत्राचा हिशेब हाताने मांडी.

४/ महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ने या कामाला मुदत घातली. कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असे मानले जाते.

५/ परंतु मोजणी कोणत्या दिवसापासून? अर्ज पोहोचल्यापासून, खुलासा मागवला असल्यास तो मिळाल्यापासून. म्हणजे सारी भिस्त आवक नोंदवहीवर आणि पोचेच्या शिक्क्यावर. पोच हरवली की मुदतीचा हक्कही हातचा गेला.

६/ वाशिमकरांना कागदाच्या वाटा चांगल्याच ठाऊक आहेत. इंग्रजी अमदानीतला बाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधली ९३ वर्षे जिल्हा पातळीवरचे काम म्हणजे अकोल्याची वारी.

७/ कागद किती नाजूक असतो, हे २१ जून २०१२ रोजी राज्याने पाहिले. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावरून आग वर चढली. पाच जणांचे प्राण गेले. नगरविकासासह अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या.

८/ माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अंकीय स्वाक्षरीला आधीच मान्यता दिली होती. पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनियर्सच्या ‘ऑटो-डीसीआर’सारख्या प्रणाली आरेखन वाचून नियमांशी ताडू लागल्या. रंगांची जागा ‘लेयर’नी घेतली : भिंत, जिना, सीमा, प्रत्येकाचा थर वेगळा. चुकीच्या थरावरची रेषा माणसाला कळते. यंत्र नकाशा परत करते.

९/ यंत्राला नियम एकसारखे लागतात. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्याला एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील कमी जोखमीच्या बांधकामाला, तज्ज्ञाने प्रमाणित केलेला नकाशा व शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी. ३०० पर्यंत १० दिवसांची मुदत.

१०/ जी पोच पूर्वी जपून ठेवावी लागे, तीच आता परवानगी ठरली. मात्र यंत्र काढलेलेच तपासते. जुन्या गावठाणातली वाकडी गल्ली, दोन घरांतली सामाईक भिंत, शेजाऱ्याशी पडलेला हद्दीचा वाद त्याला दिसत नाही. म्हणून नकाशा चढवण्याआधी जागेची मोजणी करून घ्यावी. चूक निघाली, तर उत्तर सही करणाऱ्यालाच द्यावे लागते आणि भिंत मालकाची पडते.