सतरा अंकी आकडा आणि देवळालीचे मास्तर

टेंभुर्णीत आकडा म्हटला की आधी ऊस आठवतो. काट्यावर किती टन भरला, टनाला भाव काय मिळाला! आपला आकडा नेहमी कशाचा तरी असतो. आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत तो मात्र कशाचाच नाही: १२३४५६७८९८७६५४३२१.

हा सतरा अंकी आकडा डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखाच. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येला तिनेच गुणले की तो मिळतो. पाटीवर गुणाकार मांडून पाहावा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. कडेच्या घरात एकच एक पडतो, पुढच्यात दोन आणि मधल्या घरात नऊ. हातचा कोठेच येत नाही, म्हणून अंक पायऱ्यांसारखे चढतात आणि उतरतात. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते.

अशा संख्यांना 'डेमलो' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. डेमलो, म्हणजे आजची डोंबिवली, या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती. १९०५ साली डहाणूस जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, १९२९ साली पदवी आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तरकी. पुढची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही.

आमच्या आकड्यातील अंकांची बेरीज ८१, आणि त्या ८१ ने त्याला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. येथे कारणही सोपे आहे. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच.

मोठमोठ्या गणितज्ञांनी या साऱ्याला पोरखेळ म्हटले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अंकांची ही चढउतार आपल्या दशमान लेखनाची आहे. दुसऱ्या रीतीने लिहिले की ती दिसेनाशी होते. परंतु तो वर्ग असणे, त्याला ८१ ने भाग जाणे, हे कोणत्याही रीतीने लिहा, तसेच राहते. दिखाऊ कोणते आणि टिकाऊ कोणते हे ओळखायला पोरखेळानेच शिकवले, हे विसरून कसे चालेल?

१९४९ साली कापरेकरांनी ६१७४ चा प्रसिद्ध गुणधर्म मांडला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जग त्यांना ओळखू लागले. मास्तरांचे वय तेव्हा सत्तर होते. १९८६ साली ते गेले.

घरी मूल वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडीत बसले, तर 'याचा उपयोग काय' असे लगेच विचारू नये. 'असे का होते' एवढेच विचारावे.