जिन्याखालची कोठी

दुमजली घराचा जिना चढला की त्याच्या पोटाखाली एक तिरकस, अंधारी जागा उरते. तेथे माणसाला ताठ उभे राहता येत नाही, उजेड पोचत नाही आणि अंथरूण पसरावे इतकी ऐसपैसही ती नसते. घर बांधणाऱ्याच्या लेखी ती उरलेली जागा. गृहिणीने मात्र तिला कधी टाकाऊ मानले नाही. फळीचे दार बसवून, आत ओटा घालून तिने तेथे कोठी केली. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी ज्वारी, तांदूळ, डाळी, मीठ, चिंच आणि लोणच्याच्या बरण्या त्या दाराआड जात. दाराला कुलूप लागे आणि किल्ली घरातील वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे. घरातील पैसा पुरुषाच्या हाती असला, तरी घराचे चार महिने कसे जायचे हे त्या किल्लीवर ठरत असे.

या लहानशा जागेचे कूळ मोठे आहे. ‘कोठी’ आणि ‘कोठार’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘कोष्ठ’ आणि ‘कोष्ठागार’ यांवरून आले. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांत या शब्दाची मोठी गंमत होते. तेथील हिंदी शेजाऱ्याच्या तोंडी कोठी म्हणजे श्रीमंताचा बंगला, तर मराठी आजीच्या तोंडी कोठी म्हणजे धान्याची खोली. मूळ शब्द एकच. एकाने त्यातून वैभव घेतले, दुसऱ्याने बेगमी.

कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अध्यक्षासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. धान्य, तेल, तूप, गूळ, मीठ यांची मोजदाद त्याने कशी ठेवावी, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. त्यातील दोन नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. साठ्याचा अर्धा भाग प्रजेवर येणाऱ्या आपत्तीसाठी राखून ठेवावा व अर्धाच वापरावा, हा पहिला. नवे धान्य आले की जुने त्याने बदलून घ्यावे, हा दुसरा. राज्यकर्त्यासाठी लिहिलेले हे दोन नियम ग्रंथाचे नावही न ऐकलेल्या असंख्य स्त्रियांनी आपापल्या घरात पाळले. जुना तांदूळ संपल्यावाचून नव्याला हात लागत नसे आणि पाहुणा, आजार, अवर्षण यांच्यासाठी एक मडके नेहमी बाजूला असे.

महाराष्ट्राच्या भूमीत हा साठा ग्रंथांहूनही जुना आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे उघडकीस आली. घरांच्या अवशेषांत धान्य साठवण्याचे खोल खड्डे आणि कणग्या ठेवण्यासाठी केलेले वाटोळे ओटे सापडले. पावसाची खात्री नसलेल्या प्रदेशात माणसाने घर बांधले, तेव्हा चुलीबरोबरच कोठारालाही जागा दिली, एवढे या अवशेषांवरून स्पष्ट होते.

राज्याच्या कोठाराचे भव्य रूप पाहावयाचे असेल तर पन्हाळगडावर जावे. तेथील अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा नावांच्या तीन कोठ्या आहेत. गंगा कोठी त्यांत सर्वांत मोठी. उंची सुमारे ३५ फूट, आणि बांधणी विजापुरी धाटणीची. तिच्या बाहेरच्या अंगाने जिने थेट छपरावर जातात. आतील प्रत्येक खणाच्या माथ्याला एक भोक ठेवलेले आहे. धान्याची पोती पाठीवर घेऊन माणसे जिना चढत आणि वरून धान्य आत ओतीत. म्हणजे जिना आणि कोठार यांची सोयरीक घरगुती काटकसरीतून जन्मली, असे म्हणता येत नाही. मोठ्या कोठाराचे काम जिन्यावाचून चालतच नसे. १६६० साली सिद्दी जौहराने याच गडाला सुमारे चार महिने वेढा घातला होता. गडाच्या तटाइतकाच गडातील दाणाही अशा वेळी लढत असतो.

शिवकालीन राज्यव्यवस्थेतील बारा महालांत ‘कोठी’ हा एक महाल होता. साठ्याविषयी शिवाजी महाराजांची दृष्टी किती सूक्ष्म होती, याची साक्ष चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना गेलेले पत्र देते. राज्याभिषेकाच्या आसपासचे हे पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी दिलेला दाणा व वैरण आताच उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरी जाऊन दाणे, भाकरी, गवत ओढून आणतील आणि रयतेला शत्रू बरा वाटू लागेल, अशी कारणपरंपरा त्यात मांडली आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारे गवत भस्म होईल, असाही इशारा आहे. साम्राज्यांशी झुंजणारा राजा छावणीतील उंदराचाही विचार करतो, याचे नवल वाटू नये. कोठी सांभाळणाऱ्याला उंदराचा विचार करावाच लागतो.

सामान्य रयतेने आपल्या जमिनीप्रमाणे आणि पावसाप्रमाणे निरनिराळे उपाय काढले. देशावर, जेथे पाऊस बेताचा आणि जमीन कोरडी, तेथे पेव खणण्याची चाल होती. खोल खड्ड्याला कडब्याचे अस्तर लावून ज्वारी भरीत आणि तोंड मातीने बंद करीत. आत कोंडलेल्या हवेतील प्राणवायू धान्याच्या आणि किड्यांच्या श्वासोच्छ्वासाने संपत जाई, मग किडीला जगणे कठीण होई. मात्र जी हवा किडीला मारी, ती माणसालाही मारी. म्हणून पेव उघडल्यावर काही काळ कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्याच पेवाने भाषेला दिला. कोकणात व गोव्यात पावसाचे पाणी जमिनीत मुरलेले असते. तेथे पेव चालणार नाही. तेथे भात जमिनीपासून उचलून, शेणामातीने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत राही, आणि भाताच्याच पेंढ्याची मुडी बांधून त्यात बियाणे जपले जाई.

वाड्यांच्या काळात कोठार घराच्या पोटात आले. ओटी, चौक, माजघर या मांडणीत कोठीची खोली माजघराच्या कडेला असे. बाहेरच्या माणसाची दृष्टी तेथवर पोचू नये, हा हेतू. काही घरांत भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीखाली बळद असे. ज्या बळदात वरून धान्य ओतीत आणि खालच्या तोंडातून काढीत, त्यात आधी भरलेले आधी बाहेर पडे. कौटिल्याचा दुसरा नियम तेथे गवंड्यानेच बांधून ठेवलेला होता. मराठी कुटुंबे सरदारांबरोबर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे गेली, तेव्हा चौकाची आणि माजघराची ही मांडणीही त्यांच्याबरोबर गेली. माळव्यात कोठीतील ज्वारीच्या शेजारी गव्हाची रास वाढली, पण किल्लीची जागा बदलली नाही.

जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीतून वर जाणारे अरुंद जिने पुष्कळ. त्यांच्याखाली जागा उरण्याचा प्रश्नच नव्हता. भिंतीला लागून लाकडी जिना आला, तेव्हा त्याच्याखालचा त्रिकोण मोकळा झाला. कोठीला लागणारे गुण त्यात आयतेच होते. ऊन येत नाही म्हणून तेल-तूप लवकर खवट होत नाही. जागा घराच्या मध्यभागी असल्याने स्वयंपाकघर दोन पावलांवर. आणि दार एकच असल्याने कुलूपही एकच. उंच बाजूला कणगी किंवा मोठा रांजण, मधल्या भागात उतरंड आणि अगदी निमुळत्या कोपऱ्यात मीठ-चिंचेच्या हंड्या, अशी मांडणी सहज जमे.

दोषही होते. वर पाऊल पडले की पायऱ्यांच्या फटींतून माती धान्यात पडे. म्हणून शहाणे लोक पायऱ्यांना खालून फळ्या ठोकीत. भिंत पावसाळ्यात ओल धरी. म्हणून धान्य भिंतीपासून हातभर दूर आणि ओट्यावर ठेवीत. दारावर जाळीची खिडकी नसेल तर कुबट वास येई. उन्हात कडकडीत वाळवल्याशिवाय दाणा आत जात नसे. धान्यात कडुनिंबाचा पाला, काही ठिकाणी बिब्बे, डाळींना एरंडेलाचा हात, कडधान्यात राख, हे उपाय प्रत्येक घराला ठाऊक होते. राख दाण्यांमधील फटी बुजवते आणि किड्याचे अंग कोरडे पाडते, हे शास्त्राने पुढे सांगितले; घराघरांतून ते आधीच चालू होते.

परंतु कोठी उत्तम असून भागत नाही. तीत घालावयास दाणा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या अनेक शेतकऱ्यांची पेवे कर्जापायी रिकामी होऊ लागली. खळ्यावरचा माल परस्पर सावकाराकडे जाई. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे उसळलेला दंगा याच असंतोषाचा होता. गहाणखतांचे आणि कर्जरोख्यांचे कागद जाळणे हा दंगेखोरांचा मुख्य हेतू होता. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. अवर्षण देशाला नवे नव्हते. घरात मागील वर्षाचा दाणा नसताना आलेले अवर्षण अधिक जीवघेणे ठरते, हे त्या वर्षांनी दाखविले. १८७८ साली सरकारने दुष्काळ आयोग नेमला आणि १८८० साली त्याचा अहवाल आला.

विसाव्या शतकात कोठीवर दुसरा प्रसंग आला. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि पुढे ते इतर शहरांतही पसरले. वर्षाचे धान्य भरणाऱ्या कुटुंबाला शिधापत्रिकेवर मोजका शिधा मिळू लागला. ज्या साठ्याला काल दूरदृष्टी म्हणत, त्यालाच आज साठेबाजीचा वास येऊ लागला. वास्तविक दोहोंमधील रेषा स्पष्ट आहे. एक साठा आपल्या घराच्या पोटासाठी असतो, दुसरा शेजाऱ्याच्या भुकेची वाट पाहत असतो. त्याच सुमारास जिन्याखालच्या कोठीचे रूपही पालटले. रांजण-कणग्यांच्या जागी रॉकेलचे रिकामे डबे आणि पत्र्याच्या कोठ्या आल्या. लाकडी जिन्याच्या जागी सिमेंटचा, फटी नसलेला जिना आला. उंदरांना हा बदल मुळीच मानवला नाही.

१९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि प्रजेच्या आपत्तीसाठी धान्य राखण्याचे कर्तव्य शासनाने मोठ्या प्रमाणावर पत्करले. १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळात लोकांना काम आणि धान्य दोन्ही पुरवावे लागले, तेव्हा दूरवरून आलेल्या दाण्याची किंमत कळली. तरीही सरकारी गोदाम आणि घराची चूल यांच्यामध्ये नेहमीच काही दिवसांचे अंतर राहते. पूर आला, रस्ता तुटला, घरातील मिळवता माणूस अंथरुणाला खिळला, तर ते अंतर घरातील डबाच भरून काढतो.

आता सदनिकांत जिने सर्वांच्या मालकीचे झाले आहेत आणि धान्य महिन्याच्या हिशेबाने घरी येते. ज्यांच्या घरात अजून स्वतःचा जिना आहे, त्यांनी त्याखालची जागा अडगळीला देण्यापूर्वी तिचे कूळ आठवावे. तेथे ओल नसावी, थोडी हवा असावी, धान्य जमिनीपासून वर असावे. जुने पुढे, नवे मागे असावे, आणि एक डबा उद्याच्या अनपेक्षित पाहुण्यासाठी राखलेला असावा. पन्हाळ्याच्या गंगा कोठीला याहून वेगळा नियम नव्हता.