उलट्या बंदुकीची कुळकथा

दरवर्षी २१ ऑक्टोबरला मुंबईत नायगावच्या पोलीस हुतात्मा मैदानावर ‘शोक शस्त्र’ असा हुकूम सुटतो आणि सलामीत धरलेल्या बंदुका एकदम फिरतात. नळीचं तोंड खाली येतं आणि बुटाच्या टोकावर टेकतं. जमिनीवर नाही, बुटावर. बहुधा शोकातही नळीत माती जाता कामा नये म्हणून. दस्त्यावर दोन्ही पंजे एकावर एक, मान खाली. बिगुल वाजतो, सगळे स्तब्ध उभे राहतात, पुन्हा बिगुल वाजतो. वर्षभरात देशात कर्तव्य बजावताना मारल्या गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात, पुष्पचक्रं वाहिली जातात. बघणाऱ्याला वाटतं, पोलीस खातं जितकं जुनं तितकाच हा रिवाजही जुना असणार. तसं नाही. यातली एकेक गोष्ट वेगवेगळ्या गावची आहे आणि ज्या तारखेला त्या एकत्र येतात ती तारीख लडाखमधून, पंधरा हजार फुटांवरून आली आहे.

आधी तारखेचं बघू. १९५९ साली आपल्या उत्तर सीमेवर आज दिसतात ती दलं नव्हती. भारत-तिबेट सीमा पोलीस दल १९६२ सालचं, सीमा सुरक्षा दल १९६५ चं. लडाखच्या ओसाड पठारावरच्या चौक्या सांभाळत होते ते गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान. हे दल १९३९ साली नीमचला उभं राहिलं तेव्हा त्याचं काम होतं संस्थानांत बंदोबस्त राखायचं. त्या दलाची माणसं वीस वर्षांनी चिनी सैन्यासमोर उभी होती, तीही पोलिसांच्या हत्यारांनिशी.

२० ऑक्टोबरला हॉट स्प्रिंग्जच्या तळावरून टेहळणीसाठी तीन तुकड्या निघाल्या. लानक ला खिंडीच्या दिशेने पुढे जायची तयारी चालली होती. दोन तुकड्या दुपारपर्यंत परतल्या. तिसरीत दोन शिपाई आणि एक हमाल होता. ते आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तळावरची होती नव्हती ती माणसं शोधाला निघाली. कर्मसिंग नावाचे अधिकारी वीसेक जणांना घेऊन घोड्यांवरून पुढे गेले, बाकीचे पायी मागून. दुपारच्या सुमारास एका टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार सुरू केला, हातबॉम्ब टाकले. आडोशाला दगडसुद्धा नाही अशी ती जागा. दहा जण ठार झाले, कर्मसिंगांसह काही जण कैद झाले, बाकीचे कसेबसे निसटले. मृतदेह चीनने परत केले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांनी. त्यांचे अंत्यसंस्कार हॉट स्प्रिंग्जलाच पोलीस इतमामात झाले. शोधायला गेलेल्यांचं हे मरण होतं, हल्ला करायला गेलेल्यांचं नव्हे. या घटनेनंतर लडाखची सीमा लष्कराकडे सोपवली गेली.

जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांची वार्षिक परिषद भरली आणि तिथे ठरलं, २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. खरं तर दरोडेखोरांशी लढताना, दंगलीत मरण आलेले पोलीस त्याआधीही ठिकठिकाणी होते. त्यातलं एखादं मरण निवडलं असतं तर ते या नाहीतर त्या राज्याचं ठरलं असतं. लडाखमधले दहा जण कुठल्याच राज्याच्या पोलिसांत नव्हते, म्हणून ते सगळ्यांचेच ठरू शकले, असं मला वाटतं. आजही देशभरातून निवडलेल्या पोलिसांचं पथक दरवर्षी हॉट स्प्रिंग्जच्या स्मारकापर्यंत जाऊन मानवंदना देऊन येतं.

तारीख ठरली. पण त्या दिवशी करायचं काय, हे नव्याने शोधावं लागलं नाही. ब्रिटिशांच्या कवायतीत ते तयार होतं. शस्त्र उलटं धरून शोक दाखवायचा रिवाज युरोपातल्या सैन्यांचा. ब्रिटिश परंपरेत त्याचा धागा १७२२ साली निघालेल्या ड्यूक ऑफ मार्लबरोच्या अंत्ययात्रेपर्यंत नेतात. बिगुलावर वाजते ती ‘लास्ट पोस्ट’ तर मुळात शोकाची धून नव्हतीच. छावणीत रात्री पहाऱ्यावरचा अधिकारी एकेक ठाणं तपासत फिरायचा. फेरी सुरू झाली की ‘फर्स्ट पोस्ट’, शेवटचं ठाणं तपासून झालं की ‘लास्ट पोस्ट’. सगळं ठीक आहे, आता झोपा, एवढाच तिचा निरोप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती सैनिकांच्या दफनाच्या वेळी वाजू लागली आणि मग तिथलीच झाली. बिगुलाला ना पडदे ना कळा, जे सूर काढायचे ते ओठांच्या ताणावर. मोजून चार-पाच सुरांत सगळी धून बसवलेली. म्हणून की काय, फुफ्फुसं थकलेल्या बिगुलवाल्याचा शेवटचा लांब सूर थरथरतो आणि ऐकणाऱ्याला तो मुद्दाम केल्यासारखा वाटतो. शांततेनंतर वाजणारा बिगुल हा सकाळी उठवण्याचा. झोप आणि जाग यांच्यामध्ये स्तब्धता ठेवायची, अशी ती मांडणी.

आणि दोन मिनिटांची शांतता? ती आली केपटाऊनहून. मे १९१८, पहिलं महायुद्ध अजून संपायचं होतं. महापौर हॅरी हँड्स यांनी सुरू केलेल्या प्रथेप्रमाणे दुपारची तोफ झाली की गावातली रहदारी थांबायची, लोक असतील तिथे उभे राहायचे, एका इमारतीच्या सज्जातून बिगुल वाजायचा. सुरुवातीला तीन मिनिटं होती, ती फार लांबतात म्हणून दोनवर आणली. दक्षिण आफ्रिकेतले लेखक आणि राजकारणी सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांचा मुलगा १९१७ साली फ्रान्समध्ये मारला गेला होता. ही प्रथा लंडनला कळवली ती त्यांनी. ११ नोव्हेंबर १९१९ ला पंचम जॉर्जच्या आवाहनावरून साऱ्या ब्रिटिश साम्राज्याने ती पाळली, म्हणजे आपल्याकडेही ती पोचली. एडवर्ड हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकारानेही त्याच वर्षी लंडनच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून अशीच सूचना केली होती. कल्पना आधी कोणाची, यावर आजही वाद घालणारे आहेत. घालोत बापडे. ३० जानेवारीला सकाळी अकराला आपण गांधीजींसाठी उभे राहतो तेव्हाही हाच केपटाऊनचा वारसा चालवत असतो.

दिल्लीतल्या पोलीस स्मारकाला मात्र फारच वाट पाहावी लागली. चाणक्यपुरीत आधी पोलादी स्मारक उभं राहू लागलं होतं, ते उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००८ मध्ये काढून टाकावं लागलं. नंतर शिल्पकार अद्वैत गडनायक यांनी घडवलेली तीस फूट उंचीची, २३८ टन वजनाची ग्रॅनाइटची अखंड शिळा उभी राहिली आणि २१ ऑक्टोबर २०१८ ला लोकार्पण झालं. शेजारच्या शौर्यभिंतीवर तेव्हा ३४,८४४ नावं कोरलेली होती.

माझ्या मते या सोहळ्यातला खरा आपला भाग हा नावांचाच. बंदुका, बिगुल, शांतता, सगळं मागून आणलेलं. राज्याराज्यांतली नावं एकामागून एक वाचणं, त्यात अधिकाऱ्यांबरोबर शिपायाचंही नाव येणं, हे मात्र आपलं आपण जमवलेलं. त्या यादीचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं ते मोजतात, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत कागदपत्रं तपासून यादी पक्की करायला वेळ मिळतो.

महाराष्ट्रापुरतं २००९ सालचं बघा. आदल्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या हल्ल्यात मारले गेलेले हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर त्या वर्षातले. हातात नुसती काठी असताना गिरगाव चौपाटीवर हल्लेखोर कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळेही त्याच वर्षातले. गडचिरोलीत १ फेब्रुवारीला मरकेगावला मारले गेलेले १५ पोलीस आणि २१ मे रोजी हत्तीगोट्याला मारले गेलेले १६, ज्यांत पाच महिला शिपाई होत्या, तेही. आणि त्या वर्षीच्या स्मृतिदिनाला तेरा दिवस उरले असताना, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, ८ ऑक्टोबरला लाहेरीजवळ आणखी १७ पोलीस मारले गेले. ते ३१ ऑगस्टच्या पलीकडचे. यादीच्या हिशोबाने त्यांची पाळी २०१० च्या ऑक्टोबरात.