दहा अवतार, एकशे वीस पाने

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. पण पंचांगात तिचे आणखी एक नाव आहे, ते म्हणजे द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले आणि शंकर सपाटून हरले, अशी कथा आहे. तेव्हा फराळ उरकल्यावर सतरंजी पसरून जी मंडळी पत्ते पिसायला बसतात, त्यांच्या बाजूला प्रत्यक्ष कैलासाचा दाखला आहे. घरातल्या आजीबाईंनी कितीही नाक मुरडले तरी आज त्यांचे काही चालायचे नाही!

पण ज्या दिवशी वामनाने बळीला पाताळात धाडले, त्याच दिवशी आपण जे पत्ते खेळतो, त्यांत वामन कुठेच नाही. इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट हे चारही रंग परके. राजा दाढीवाला फिरंगी, राणीच्या हातात कुठल्याशा विलायती बागेतले फूल. आपल्या मुलुखात मात्र असे पत्ते होते, आणि अजून आहेत, की ज्यांत वामन हा एक सबंध रंगच आहे आणि कमंडलू ही त्याची खूण आहे. त्यांना दशावतारी गंजिफा म्हणतात. कोल्हापुराहून आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते. हे पत्ते तिथले.

आवडत्या गोष्टीतली माणसे पत्त्यांवर आणायची आणि ते पत्ते जिवापाड जपायचे, हे वेड आजच्या पोरांचे आहे असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत १९६६ साली बॅटमनची मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी टॉप्स नावाच्या च्युइंग गमच्या कंपनीने त्याची चित्रे छापलेली पाने गमच्या पुडीत घालून विकली. पुढे जपानातून पोकेमॉन आला. आमच्या कोल्हापुरात ही साथ विशेष जोरात आली ती १९९० नंतर, केबलच्या तारेवरून. शाहू महाराजांनी १९१२ साली ज्या गावात खासबागेचे मैदान बांधले, ज्या गावात पोरगे चालायला लागले की त्याला तालमीची माती दाखवतात, त्या गावातली शाळकरी मुले हल्क होगन आणि अंडरटेकर यांची पाने खिशात घालून हिंडू लागली. त्या कुस्त्या आधी ठरवून केलेल्या असतात, हे कळल्यावर वस्तादांनी कपाळाला हात लावला. मुलांनी नाही लावला. त्यांना मालिका हवी होती. या आठवड्यात कोण कोणावर उलटला हे पाहायचे होते आणि दुसऱ्या दिवशी ते पानांवर पुन्हा खेळायचे होते.

त्या पानांच्या खेळात एक गंमत होती. प्रत्येक पानावर मल्लाचे वजन, उंची, छाती, दंड यांचे आकडे असत आणि त्याचा क्रमांकही असे. वजन पुकारले तर मोठा आकडा जिंकायचा. क्रमांक पुकारला तर लहान आकडा, म्हणजे एक नंबरवाला, जिंकायचा. ही उलटापालट ध्यानात ठेवावी. ती आपल्याला पुढे गंजिफात भेटणार आहे.

गंजिफा हा खेळ मूळचा आपला नव्हे. नावच फारशी आहे. बाबराने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यांत १५२७ सालच्या जूनमधली एक नोंद आहे : सिंधच्या शाह हसनाने गंजिफा मागितला होता, तो त्याच्याकडे पाठवून दिला. बादशहाने मुद्दाम नोंद करावी, एवढी त्या देण्याला किंमत होती! पुढे अकबराच्या काळी अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या गंजिफाचे वर्णन केले. त्या रंगांची नावे पाहा : अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती, दलपती, नावपती... घोडदळाचा स्वामी अश्वपती म्हणजे दिल्लीचा बादशहा, हत्तींचा स्वामी गजपती म्हणजे ओरिसाचा राजा, आणि पायदळाच्या बळावर राज्य करणारा नरपती म्हणजे विजापूरकर, असा खुलासाही त्याने केला आहे. बादशहाच्या हातातल्या पानांत सारे हिंदुस्थान मावले होते, आणि आपला शेजारी विजापूरकरही त्यात होता.

अधिक चालला तो मात्र आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा डाव. ताज, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, सफेद, बरात, किमाश हे त्याचे रंग. म्हणजे मुकुट, तलवार, चाकर, वाद्य, सोन्याचे नाणे, रुप्याचे नाणे, हुंडी आणि कोठारातला माल. खेळ कसला, राज्यकारभाराची खातीच ती! आपल्याकडे याच डावाला चंगकांचनी हे नाव पडले.

आता माणसाचा स्वभाव असा, की खात्यांवर कोणी जीव टाकत नाही. जीव टाकायला गोष्ट लागते. म्हणून हा खेळ जिथे जिथे रुजला, तिथे तिथे लोकांनी त्यातली खाती काढून टाकली आणि आपापल्या आवडीची गोष्ट घातली. ओरिसात रामायणाचा गंजिफा झाला. त्यात निम्मे रंग रामाच्या बाजूचे आणि निम्मे रावणाच्या. बंगालात विष्णुपूरला दशावतार आले. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांनी तर एकोणिसाव्या शतकात नवनवे डाव स्वतः रचले आणि त्यांतला मोठा डाव तीनशेसाठ पानांपर्यंत नेला. एवढी पाने हातात धरायची कशी, हा प्रश्न महाराजांना पडला नसावा. धरायला माणसे होती!

सावंतवाडीत ही विद्या खेम सावंत तिसरे यांच्या दरबारी आली, असे तिथे सांगतात. तेलंगणातले पंडित दरबारात आले, त्यांच्याकडून खेळ समजला, आणि तिथल्या चितारी मंडळींनी पाने रंगवायला घेतली. खेम सावंतांची कारकीर्द १७५५ ते १८०३, म्हणजे चांगली अठ्ठेचाळीस वर्षांची. १७६३ साली त्यांची शिंद्यांच्या घराण्याशी सोयरीक झाली, आणि त्या वशिल्याने दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना ‘राजेबहाद्दर’ हा किताब मिळाला. हे आमच्या कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत खुपले आणि त्यांनी वाडीवर चाल करून काही डोंगरी किल्ले घेतले. शिंद्यांनी मध्ये पडून ते पुढे परत देवविले. पेशवे, पोर्तुगीज, इंग्रज, कोल्हापूरकर या साऱ्यांशी ज्या गृहस्थाने दोन हात केले, त्याच्याच दरबारात ही नाजूक कुंचल्याची पाने रुजावीत, याचे नवल वाटते.

आता ती पाने पाहू. गंजिफाचे पान गोल असते. थरावर थर खळीने चिकटवायचे, त्यासाठी चिंचोक्याची खळ उत्तम, वाळवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा. मागची बाजू एकाच रंगाची, साधी. दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. राजाच्या पानावर स्वतः अवतार. बाकी पानांवर त्याची खूण तितक्या वेळा : मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वराहाचा शंख, नरसिंहाचे चक्र, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, रामाचा बाण, कृष्णाची गाय, बुद्धाचे कमळ, कल्कीची तलवार. चिताऱ्यागणिक एखादी खूण बदलते. रामाला बाणाऐवजी माकडही दिलेले आढळते. माशांची नव्वी हातात घेतली तर वाटते, पान नव्हे, तळ्याकाठी उभे आहोत.

दक्षिण कोकणातल्या माणसाला हे दहा अवतार पोथीतून भेटलेले नाहीत. कार्तिकात जत्रा सुरू होतात, देवळापुढे पेटारा येतो आणि दशावतारी मंडळी रात्रभर खेळ करतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर ही मंडळींची नावे तिकडे घरोघर ठाऊक. आधी आडदशावतार, त्यात वेद चोरणारा संकासूर येऊन पोरांना भिववतो आणि हसवतो, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी. गावोगाव, जत्रेमागून जत्रा, वर्षामागून वर्ष चालणारी ही मालिकाच नव्हे काय? नाव दशावतारी असले तरी दहाही अवतार काही त्या खेळात रंगभूमीवर येत नाहीत. सगळे दहा एका ठिकाणी सापडायचे ते पानांच्या पेटीत.

मग हा खेळ मेला का? विलायती बावन्न पानांनी मारला, असे सरसकट म्हणतात. ते खरे आहेच. छापील जोड चार पैशांत मिळू लागल्यावर हाताने रंगवलेली एकशे वीस पाने कोण घेणार? पण मला वाटते, नुसत्या किमतीने हे झाले नाही. गंजिफाला हुकूम नाही. नशिबाने हातात हुकमाचे पान आले आणि डाव तरला, अशी सोय त्यात नाही. कोणत्या रंगातले कोणते पान पडून गेले हे मनात धरून बसावे लागते, आणि रंग दहा आहेत. त्यात ती उलटापालट : मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, परशुरामापासून कल्कीपर्यंत राजा-प्रधानाखाली एक्का मोठा आणि दश्शी लहान. आमच्या पोरांना त्या मल्लांच्या पानांत जी गंमत वाटे, ती इथे सहा पट शिस्तीने मांडली आहे. हे शिकवायला घरात म्हातारा माणूस लागतो आणि शिकायला दुपार मोकळी लागते. दोन्ही कमी होत गेली.

खेळणारे गेले, आणि गोळा करणारे आले. त्यांतले एक नाव सांगायलाच हवे. रुडॉल्फ फॉन लायडेन हा जर्मन तरुण १९३३ साली, हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, मायदेश सोडून मुंबईला आला. इथल्या वर्तमानपत्रांत त्याने चित्रकलेवर लिहिले, नव्या चित्रकारांच्या पाठीशी तो उभा राहिला, आणि हिंदुस्थानभर हिंडून गंजिफा गोळा केला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९८२ साली भारतीय पत्त्यांचे प्रदर्शन झाले, त्याचा ग्रंथ त्यानेच लिहिला. आपण अडगळीत टाकलेल्या पेट्यांचा अभ्यास, घर सुटलेल्या एका परक्या माणसाने केला. पुण्याला दिनकर केळकरांनी घरोघर फिरून अडकित्ते आणि दिवे जमवले, तसा गंजिफाही जमवला. तो त्यांच्या राजा केळकर संग्रहालयात पाहायला मिळतो.

सावंतवाडीतच मात्र याहून मोलाचे काम झाले. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी, ही कला जाणणारा म्हातारा चितारी अजून हयात आहे तोवरच, त्याच्याकडून ती शिकून घेतली. १९७० नंतरच्या काळात राजवाड्यात लाखकामाचा कारखाना उभा राहिला. आजही राजवाड्याच्या दरबारात बसून कारागीर पाने रंगवताना दिसतात. दशावतारी तर आहेच. नवग्रहांचा एकशे आठ पानांचा आणि राशींचा एकशे चव्वेचाळीस पानांचा डावही होतो. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण काम थांबलेले नाही.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. या पेट्या घेणारे बहुतेक लोक त्या भेट म्हणून घेतात. कोणी पाने चौकटीत बसवून भिंतीवर लावतो, कोणी काचेच्या कपाटात मांडतो. चितारी जगला पाहिजे म्हणून तेही हवेच, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण भिंतीवरच्या दहा राजांना प्रधान कुठे आहे? माशांची तिर्री कोण विकत घेऊन भिंतीला लावणार? नुसते राजे राहतील आणि बाकीची एकशे दहा पाने चितारी रंगवणारच नाही, अशी वेळ यायला उशीर लागत नाही. पान मळलेच पाहिजे, कडेला झिजलेच पाहिजे. एखादे हरवले तर चिताऱ्याकडे जाऊन तेवढे रंगवून आणता येते. छापील जोडाला ही सोय नाही.

तेव्हा यंदा कोणाच्या घरी अशी पेटी असेल, तर ती खाली काढावी. तिघे जण लागतात. पाने गोल म्हणून पिसताना हातातून निसटतात. सतरंजीवर पालथी पसरून कालवावीत, सोपे पडते. प्रत्येकाला चाळीस येतील. एवढी एका मुठीत राहत नाहीत, म्हणून आधी आपापले रंग लावून घ्यावेत, पहिले पाच एकीकडे, दुसरे पाच एकीकडे. वाटणी, उतारी, सारे उजवीकडून. आणि पहिली उतारी कोणाची, यावरून भांडण नको, त्याचा नियम पूर्वीच घालून दिलेला आहे : दिवस असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आला त्याची, आणि दिवे लागले असतील तर कृष्णाच्या राजाची.