मिलिंदच्या वर्गातला विद्यार्थी

१९४६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी थोड्याशा अंतराने दोन गोष्टी केल्या. २० जूनला मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्याच सुमारास त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिकडच्या निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचनात आले होते. त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. निग्रोंची आणि अस्पृश्यांची स्थिती इतकी मिळतीजुळती आहे की निग्रोंचा अभ्यास आपल्याला आवश्यकच ठरतो, असा त्या पत्राचा आशय. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांचे उत्तर निघाले. चरित्रकार या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत सांगतात. मला त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात.

स्वतः आंबेडकर कॉलेजात पोचले ते कसे, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या मुलाला कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र भेट दिले, सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याचे नाव पोचवले आणि महिना पंचवीस रुपयांची सोय झाली. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण केळूसकर भेटणे हा योगायोग होता. योगायोगाच्या भरवशावर किती मुलांनी बसायचे?

याचे उत्तर त्यांनी दोन टप्प्यांत दिलेले दिसते. मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली; १९४५ मध्ये संस्था निघाली. शिष्यवृत्तीने फीचा प्रश्न सुटतो, नोकरीच्या वेळेचा सुटत नाही. म्हणून सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग. आधी तास, मग कचेरी किंवा कारखाना. शिक्षक कोणत्या जातीचे, हा तिथे प्रश्न नव्हता. पुढे रेल्वेमंत्री झालेले मधु दंडवते तिथे पंचवीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवत होते.

औरंगाबादची गोष्ट याहून अवघड. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. औरंगाबादला इंटरपर्यंतचे कॉलेज होते, पुढे हैदराबाद. ज्या घरात मराठी अक्षरसुद्धा नव्याने शिरत होते, त्या घरातला मुलगा हे अंतर कसे कापणार? पोलीस कारवाईनंतर दोनच वर्षांनी, जून १९५० मध्ये, सोसायटीचे कॉलेज इथे सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे कॉलेजला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात मिलिंद राजा विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. कॉलेजला नाव दिले ते विचारणाऱ्याचे.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. सवर्ण घरातला हा माणूस बाबासाहेबांनी निवडून तिथे बसवला. त्यांच्याबद्दल स्वतंत्र, सविस्तर लिहायला हवे होते. मराठीत प्राचार्यांची चरित्रे लिहिण्याची रीत नाही आणि गौरवग्रंथ काही त्याची जागा भरून काढत नाहीत. त्यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, ते बाबासाहेबांच्या समोर झाले. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना या नाटकाचे नाव सुरुवातीलाच घ्यावे लागते. ज्यांना गावच्या देवळात पाय टाकता येत नव्हता त्यांच्या मुलांसाठी प्राचार्य नाटक लिहितो, यात मला शिकवणीच्या जादा तासांपेक्षा जास्त शिक्षण दिसते.

नंतर तिथे प्राचार्य झालेले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले, वॉल्ट व्हिटमनचे अभ्यासक. परत येताना त्यांनी काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख आणली. १९४६ च्या पत्रात जे अभ्यासायचे म्हटले होते, ते वीसेक वर्षांनी औरंगाबादच्या कॉलेजात चर्चेला आले. मिलिंदमध्येच मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने त्या चर्चेला पान दिले. जनार्दन वाघमाऱ्यांचे निग्रो साहित्यावरचे पुस्तक आणि १९७२ ची पँथर चळवळ याच्याही पुढची.

अमेरिकेत याला समांतर उदाहरण अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे. १८६७ साली स्थापन झालेले, कृष्णवर्णीय मुलांसाठीचे. १९४० ते १९६७ बेंजामिन मेज त्याचे अध्यक्ष होते, आणि १९४८ चे पदवीधर मार्टिन ल्यूथर किंग त्यांना आपले गुरू मानत. मिलिंद मात्र कुण्या एका जातीसाठी राखून ठेवलेले नव्हते. ते सर्वांना खुले होते. तरीही वसतिगृहात दलित मुलगा एकटा नव्हता. आपण इथे का, हे त्याला कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते. (मुलगा म्हणतो आहे ते जाणूनच. मुलीला परगावच्या वसतिगृहात ठेवणारी घरे त्या काळात विरळा. तिची गोष्ट वेगळी लिहायला हवी.)

मी राहतो त्या पवईत १९५८ पासून आयआयटी आहे. १९७३ मध्ये आयआयटींमध्ये अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळाल्या. कमी गुणांच्या मुलांसाठी वर्षभराचा तयारी वर्ग आला. म्हणजे गणित आणि भौतिकशास्त्र यांची सोय झाली. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात ‘तुझा रँक किती?’ असे विचारले जाते, त्यातून जात कळते, त्याची सोय नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा पवईत मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये, एकमेकांना प्रवेशपरीक्षेचा रँक विचारू नये, अशी सूचना वसतिगृहांत लागली.

हे दुखणे कुणाला माहीत नव्हते असे नाही. दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या वागणुकीबाबत नेमलेल्या समितीने २००७ मध्येच अहवाल दिला होता. वसतिगृहातले एकटेपण, शिक्षकांची अनास्था, सगळे त्यात आहे. संस्थेत समान संधी कार्यालय असावे, अशी शिफारसही आहे. समितीचे अध्यक्ष होते सुखदेव थोरात, तेव्हाचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचा हा मुलगा पदवीसाठी औरंगाबादला गेला होता, मिलिंदमध्ये. पवईत अनुसूचित जाती-जमाती विद्यार्थी कक्ष सुरू झाला तो २०१७ मध्ये, अहवालानंतर दहा वर्षांनी.